मांगा ते अ‍ॅनिमे: एका भागात किती पानं बसतात? (आणि न बसल्यास काय होतं)

शाईची_दौत (धागाकर्ती)

आधी सूचना: डेथ नोट, अ‍ॅटॅक ऑन टायटन, फुलमेटल अल्केमिस्ट यांतले कळीचे प्रसंग खाली येणार आहेत. ज्यांचं बघायचं-वाचायचं राहिलंय त्यांनी जपून.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, बहुधा मांगावरूनच केलेली. कुठल्याही अ‍ॅनिमेबद्दल दोन तक्रारी ठरलेल्या. एक, "फार रेंगाळलंय". दोन, "घाईघाईत उरकलं, मांगाची वाट लावली". पुरावा म्हणून दरवेळी सांगितलं जातं ते एवढंच, की एका भागात किती चॅप्टर उरकले. या मापानं काहीच कळत नाही, कारण चॅप्टर एका मापाचे नसतात. शोनेन जंपसारख्या साप्ताहिकात चॅप्टर साधारण 17 ते 19 पानांचा. मासिकात तोच 40-45 पानांचा. ड्रॅगन बॉल साप्ताहिकातलंच, पण त्याचे चॅप्टर जेमतेम 14-15 पानांचे. म्हणून पानं मोजावीत.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून सुमारे 24 मिनिटं उरतात. सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट, वर पुढच्या भागाची झलक. गोष्टीच्या वाट्याला 20-21 मिनिटं, म्हणजे साधारण 1250 सेकंद. एवढ्यात ढोबळमानाने 300 कट (कॅमेरा न तोडता दिसणारा एक तुकडा) असतात, म्हणजे कटाला चार सेकंद. दुसरीकडे मांगाच्या पानावर सरासरी पाच-सहा चौकटी. 45 ते 50 पानांत 250 ते 300 चौकटी भरतात. चौकटीला एक कट पडला की दिग्दर्शकाला ना पाणी घालावं लागतं, ना कात्री चालवावी लागते.

मुशिशी (2005, 26 भाग) म्हणूनच इतकं सहज उतरलं. मूळ मांगा मासिकात यायचा, एका चॅप्टरमध्ये एक पूर्ण कथा. एक कथा, एक भाग, विषय संपला. मॉन्स्टरचे 162 चॅप्टर 74 भागांत आले. हिशेब केला तर भागाला 50 पानांच्या आसपास. ते संथ आहे असं लोक म्हणतात, पण मांगाही तितकाच संथ आहे.

आता बिघडलेली उदाहरणं. डेथ नोटचे पहिले 58 चॅप्टर 25 भागांत आले, उरलेले 50 फक्त 12 भागांत. पानांत: आधी भागाला साधारण 44, नंतर जवळपास 80. एल हा गुप्तहेर 25व्या भागात गेल्यानंतर मालिका "पडली" असं जे म्हणतात, त्यात कथेचा दोष आहेच, पण त्याची जागा घेणाऱ्या नियर आणि मेलो यांना श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाही हेही आहे. उलट टोकाला वन पीस. आर्लाँग पार्क हा सुरुवातीचा टप्पा संपेपर्यंत 95 चॅप्टर, 44 भाग: भागाला 40 पानं, सुंदर चाल. पुढचा ड्रेसरोझाचा टप्पा 102 चॅप्टर, 118 भाग: भागाला 15 पानंसुद्धा नाहीत.

---

अर्धवटराव

हिशेब आवडला, पण 45-50 चा नियम ब्रदरहूडपुढे (फुलमेटल अल्केमिस्टची 2009 ची दुसरी मालिका) टिकत नाही. फुलमेटल अल्केमिस्टचे 27 खंड, म्हणजे 5000 च्या आसपास पानं. ब्रदरहूडचे भाग 64. भागाला 75 च्या वर पानं पडतात. तुमच्या नियमाने ती मालिका धापा टाकत पळायला हवी. पण ती सर्वोत्तम रूपांतरांत धरली जाते. मग?

---

शाईची_दौत

धापा टाकतेच, पहिल्या दहा-बारा भागांत. ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याचा टेलिफोन बूथमधला मृत्यू मांगात 15व्या चॅप्टरमध्ये आहे. 2003 च्या मालिकेत तो 25व्या भागात येतो, ब्रदरहूडमध्ये 10व्या. नीना या लहान मुलीचा प्रसंग 2003 मध्ये 7व्या भागात, ब्रदरहूडमध्ये 4थ्या. 2003 वाल्यांनी मधल्या वेळात ह्यूजला घरी नेलं, मुलीचे फोटो दाखवत हिंडवलं, प्रेक्षकाला त्याची सवय लावली. ब्रदरहूडच्या निर्मात्यांनी गृहीत धरलं की हा भाग लोकांनी सहा वर्षांपूर्वी पाहिलाय, तेव्हा लवकर पुढे चला. 2009 साली ते बरोबर होतं. आज कोऱ्या पाटीने बघणाऱ्याला टेलिफोन बूथमधला तो प्रसंग तितका लागत नाही.

नंतर 75 पानं खपतात, कारण मांगाकार अराकावांची पानं हलकी आहेत. चौकटी स्पष्ट, संवाद आखूड, मारामारीची पानं पटापट सरकणारी. मारामारीत चौकटीला एक-दीड सेकंदही पुरतो.

---

कट_307

इथेच खरी मेख आहे. पान हे माप चॅप्टरपेक्षा बरं, पण अंतिम माप नाही. पानावर काय आहे ते बघावं लागतं.

ब्लीच घ्या. त्याचे मांगाकार कुबो यांच्या पानावर तीन-चार मोठ्या चौकटी, मागे पांढरी जागा, संवाद एखादा. चॅप्टर तीन-चार मिनिटांत वाचून होतो. डेथ नोटच्या एका पानावर ब्लीचच्या पाच पानांइतका मजकूर सापडेल. ब्लीचची 70 पानं एका भागात सहज मावतात, डेथ नोटची 70 पानं बसवायला अर्धे संवाद कापावे लागतात. थाउझंड-इयर ब्लड वॉर या शेवटच्या टप्प्याचे 207 चॅप्टर चार कूरमध्ये बसवायचं ठरलं ते यामुळेच शक्य झालं, वर मांगात नसलेले प्रसंग घालायलाही जागा उरली. (कूर म्हणजे तीन महिन्यांचा हंगाम, 12-13 भागांचा.)

ढोबळ नियम हवा असेल तर असा लावा:

संवाद किंवा विचारांनी गच्च भरलेली पानं असतील तर भागाला 35-40.
मिश्र असतील तर 45-50.
मोठ्या चौकटी, मारामारी, कमी शब्द असतील तर 60-75.

याच्या बाहेर गेलं की प्रेक्षकाला जाणवतं, कारण सांगता आलं नाही तरी.

आणि हे ठरवतं कोण, तर "सीरिज कंपोझिशन" असं श्रेय ज्याला मिळतं तो लेखक. पडद्यावर नाव येतं, कुणी वाचत नाही. कुठला चॅप्टर कुठल्या भागात, कुठे तोडायचं, हे त्याच्याकडे. त्यानंतर प्रत्येक भागाचा स्टोरीबोर्ड, जपानीत एकोंते. त्याच्या पानावर उभे रकाने असतात: कट क्रमांक, चित्र, काय घडतं, संवाद, आणि शेवटी वेळ. ही वेळ सेकंद अधिक फ्रेम अशी लिहितात, 24 फ्रेमचा एक सेकंद. "3+12" म्हणजे साडेतीन सेकंद. मांगाकाराच्या कच्च्या आराखड्यात हा शेवटचा रकानाच नसतो. वेळ वाचकाच्या हातात असते.

---

वाळवण

+1. याच मुद्द्यावर पुढे.

मांगात विचारांना वेळ लागत नाही. चेंडू हवेत आहे, चौकटीत खेळाडूच्या मनातली पाच वाक्यं आहेत, आणि चेंडू अजून हवेतच आहे. वाचकाला हे मुळीच खटकत नाही. अ‍ॅनिमेत तीच पाच वाक्यं आवाजात बोलायला 12-15 सेकंद लागतात. आता दिग्दर्शकासमोर मार्ग तीन. चेंडू हवेत लटकवा (स्लो मोशन, मागे रंगीत रेघा). विचार आधी किंवा नंतर सरकवा. नाहीतर काढून टाका.

बास्केटबॉलवरच्या स्लॅम डंकच्या टीव्ही मालिकेने (1993-96, 101 भाग) पहिला मार्ग घेतला. कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणं संपतच नाही. व्हॉलीबॉलवरच्या हायक्यूने दुसरा आणि पहिला मिसळून वापरला, म्हणून तिसऱ्या सीझनमध्ये दहाच्या दहा भाग एकाच सामन्याला देऊनही कंटाळा येत नाही: रॅली चालू असताना विचार थोडके, गुण संपल्यावर मोकळेपणाने.

द प्रॉमिस्ड नेव्हरलँडच्या पहिल्या सीझनने (2019) तिसरा. 37 चॅप्टर, 12 भाग, भागाला सुमारे 58 पानं. मांगात एमा, नॉर्मन, रे यांचे डाव त्यांच्या मनातल्या वाक्यांतून कळतात. अ‍ॅनिमेने ती वाक्यं जवळजवळ सगळी काढली आणि त्या जागी लांबलचक रिकामे जिने, दाराआडून बघणारा कॅमेरा आणि घड्याळाची टिकटिक आणली. परिणाम वेगळाच झाला: मांगा हा बुद्धिबळाचा डाव वाटतो, अ‍ॅनिमे भयपट. दोन्ही आवडू शकतात, पण ही एकच गोष्ट नव्हे.

(दुसऱ्या सीझनबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. उरलेले 144 चॅप्टर 11 भागांत. तुमच्या मापाने भागाला 249 पानं. अर्थात तेवढी दाखवलीच नाहीत. गोल्डी पाँडचा आख्खा टप्पा गायब आणि शेवट स्थिरचित्रांच्या मालिकेवर. 37व्या चॅप्टरपर्यंत अ‍ॅनिमे पाहा, 38व्यापासून वाचा. मधे काही बघू नका.)

---

चहाबाज

धागा वाचतोय, मस्त. एक बाळबोध प्रश्न. वन पीसवाल्यांना 15 पानांत भाग काढणं भागच का पडलं? आणि 15 पानं 21 मिनिटं पुरवतात तरी कशी? वर दिलेल्या हिशेबाने जेमतेम 90 चौकटी होतात आणि कट 300 लागतात.

---

कट_307

बाळबोध अजिबात नाही, सगळा मामला तोच आहे. एका चौकटीचे तीन कट करायचे. कसे, ते सांगतो.

पहिलं, गोष्टीचा वेळच कमी करायचा. वन पीसमध्ये बराच काळ सुरुवातीचं गाणं अडीच मिनिटांचं होतं आणि शेवटचं गाणं नव्हतंच. त्यानंतर मागच्या भागाचा सारांश, तो दोन-तीन मिनिटं. नवीन मजकूर सोळा-सतरा मिनिटांवर आला.

दुसरं, प्रतिक्रिया. मांगात नायकाने ठोसा मारला की एका चौकटीत ठोसा, दुसरीत गर्दीचे आ वासलेले चेहरे. अ‍ॅनिमेत गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतंत्र कट. ड्रेसरोझात कोलोसियममधले लढवय्ये, बुटके, राजवाड्यातले, रस्त्यावरचे असे चार-पाच जथे आहेत. प्रत्येकाची फेरी पूर्ण केली की दीड मिनिट गेलं.

तिसरं, तोच ठोसा तीनदा. तीन कोनांतून, किंवा एकाच चित्रावरून कॅमेरा तीनदा फिरवून. हे तंत्र मुळात दिग्दर्शक ओसामु देझाकींचं, 1970 च्या दशकातलं. त्यांनी ते भावनेचा कळस ठसवायला वापरलं, सोबत शेवटी रंगवलेल्या स्थिरचित्रावर थांबण्याची युक्तीही त्यांचीच. क्वचित वापरलं की अंगावर येतं, दर भागात वापरलं की नुसती भर.

चौथं, मधेच जुन्या आठवणी. तयार कट फुकट मिळतात.

पाचवं, धावणं.

आता का. मालिका 1999 पासून फुजी टीव्हीवर दर आठवड्याला. 2006 पासून 2025 च्या वसंतापर्यंत रविवारी सकाळी साडेनऊची जागा. ती सोडली तर दुसरं कुणी बसणार. प्रायोजक, खेळणी, सगळं त्या जागेला बांधलेलं. मांगा आठवड्याला एक चॅप्टर, त्यात लेखकाच्या सुट्ट्या. अ‍ॅनिमे वर्षाला 45-50 भाग. भागाला दोन चॅप्टर वापरले तर वर्षा-दोन वर्षांत मांगाला गाठणार. मग पर्याय दोनच: मधे फिलर (मांगात नसलेले, नव्याने रचलेले भाग) घाला, नाहीतर पाणी घाला, म्हणजे आहे तेच ताणा. नारुतो आणि ब्लीचने फिलर घातले (नारुतोच्या पहिल्या मालिकेत 136 पासून 220 पर्यंत जवळपास सगळेच भाग, ब्लीचमध्ये 64 पासून शंभरी ओलांडेपर्यंत बाउंटचं कथानक). वन पीसने पाणी निवडलं.

व्यक्तिगत मत: फिलर परवडला. तो यादी बघून सोडता येतो. पाणी वगळता येत नाही, ते दर भागात मुरलेलं असतं.

---

अर्धवटराव

फिलरला सरसकट झोडपू नका. ड्रॅगन बॉल झेडमधला 125वा भाग, गोकू आणि पिक्कोलो गाडी चालवायची परीक्षा द्यायला जातात तो, मांगात नाही. कार्टून नेटवर्कवर झेड बघून वाढलेल्या पिढीला विचारा, सेलच्या अर्ध्या मारामाऱ्या विसरले असतील, हा भाग लक्षात आहे.

पाण्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही झेडचंच. फ्रीझा म्हणतो, पाच मिनिटांत नामेक फुटणार. ती पाच मिनिटं दहाएक भाग चालतात. मांगात कुणी घड्याळ लावत नाही, कारण चौकटींना काळ नसतो. पडद्यावर 20 मिनिटांचा भाग संपला की प्रत्येक पोराला कळतं, पाच मिनिटं कधीच होऊन गेली.

बेरीज करून पाहिली. झेडमध्ये मांगाचे 195 ते 519, एकूण 325 चॅप्टर येतात. मालिकेचे भाग 291. चॅप्टर 15 पानांचा धरला तर भागाला 17 पानं. 2009 पासून आलेली काईची आवृत्ती जपानात 159 भागांची: भागाला 31. तीच चित्रं, बहुतांश तेच कट, नुसती कात्री चालवली. 17 वरून 31 वर गेल्याने वेगळीच मालिका वाटते. 31 म्हणजे अजूनही संथच, पण मारामारीच्या मांगाला मारामारी बघायला तेवढा वेळ द्यावाच.

---

शाईची_दौत

काईचं उदाहरण उत्तम. तोच प्रयोग वन पीसने फिशमन आयलंडवर केला: पन्नासहून अधिक भागांचा टप्पा 2024-25 मध्ये 21 भागांत नव्याने कापून दाखवला. आणि जाहीर झालंय की 2026 पासून वर्षाला जास्तीत जास्त 26 भाग, दोन कूरमध्ये, एप्रिलपासून एल्बाफ हा नवा टप्पा. तेव्हा नव्या टप्प्यात भागाला साधारण एक चॅप्टर राहिला तरी तो विश्रांती घेऊन काढलेला असेल. पानांचा आकडा फार वाढणार नाही, पण कट भरायला चित्रकारांना वेळ मिळेल. आकडा तोच राहूनही अनुभव बदलू शकतो, याकडे लक्ष ठेवायला हवं.

---

उलटी_पाने

सगळे सेकंद मोजताय, पान उलटण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. समोर दोन पानं, आधी उजवं वाचायचं, मग डावं. डाव्या पानाची शेवटची, खाली डावीकडची चौकट ही आमिषाची: कुणीतरी मागे वळून बघतंय, दार उघडतंय, "तू...?" पान उलटलं की पहिली दिसते ती उजव्या पानाची वरची चौकट, किंवा दोन्ही पानांवर पसरलेलं चित्र. धक्का तिथे. मांगाकार आराखडा करतानाच हे ठरवतो. धक्का डाव्या पानावर पडला तर वाचकाची नजर पान उघडताक्षणी तिकडे जाते आणि तो आधीच फुटतो.

अ‍ॅनिमेत पान नाही. त्या जागी येतात शांतता, संगीत तोडणं, काळा पडदा. किंवा जाहिरातीचा ब्रेक. भागाचे दोन अर्ध असतात, मधे दहा-अकराव्या मिनिटाला आयकॅच (ब्रेकच्या आगेमागे येणारं मालिकेचं छोटं चित्र). 19 पानांच्या प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी आमिष असतंच. भागात अडीच चॅप्टर घेतले तर दोन आमिषं हाताशी आली: चांगला लेखक एक ब्रेकवर ठेवतो, एक भागाच्या शेवटी. कच्चा लेखक चॅप्टर जोडत जातो, मग भागाच्या मधेच कुठेतरी प्रचंड धक्का बसतो आणि शेवट मात्र कुणीतरी जिना उतरताना होतो.

आणि कधी धक्का मुद्दाम लपवणं हाच धक्का असतो. अ‍ॅटॅक ऑन टायटनचा 42वा चॅप्टर: रायनर भिंतीवर उभा राहून, गप्पांच्या ओघात सांगून टाकतो की आर्मर्ड टायटन मीच. छोट्या चौकटींत, पसरलेलं चित्र नाही, काही नाही. वाचक दोन चौकटी पुढे जाऊन मागे येतो. अ‍ॅनिमेत प्रेक्षक मागे येऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात त्यांनी संगीतच दिलं नाही. वारा, झेंडे, मागे चाललेलं बोलणं. कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर झेप घेत नाही. संगीत सुरू होतं ते एरेनला खरं पटल्यावर. मांगाचं तंत्र न उचलता त्याचा हेतू उचलला, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

---

वाळवण

त्याच मालिकेत क्रमही बदललाय. मांगात भिंत पडल्यानंतर उडी मारून थेट ट्रॉस्टच्या लढाईत जातो, प्रशिक्षणाची वर्षं नंतर 15व्या चॅप्टरपासून मागे जाऊन सांगितली आहेत. अ‍ॅनिमेने ती सरळ कालक्रमात लावून तिसऱ्या-चौथ्या भागात आणली. फायदा: ट्रॉस्टमध्ये जे मरतात ते आधीच ओळखीचे झालेले असतात. तोटा: तिसऱ्या भागात वेग एकदम पडतो. मासिकाला पहिल्या दोन-तीन चॅप्टरमध्ये वाचक धरायचा असतो, म्हणून मांगाकार इसायामांनी लढाई आधी ठेवली. 25 भाग आधीच मंजूर असलेल्या मालिकेला ती घाई नव्हती.

हंटर x हंटरचं उलट झालं. काइट मांगाच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये नायक गोनला वाचवतो. 2011 च्या मालिकेने पहिल्या भागातून तो काढला, 70 हून अधिक भागांनी परत आणताना मागची आठवण म्हणून घुसवला. पुढे त्याच्यासाठी गोन जे करतो त्याचा पाया त्यामुळे भुसभुशीत झाला. सुरुवातीची पाच मिनिटं वाचवण्यासाठी शेवटचं कर्ज काढलं.

---

चहाबाज

फ्रीरेन कुठे बसतं? सगळे म्हणतात संथ आहे आणि तरी आवडतं. डीमन स्लेयरचा हाशिरा ट्रेनिंगही संथ, तो मात्र आवडला नाही.

---

शाईची_दौत

आकडे: फ्रीरेनचा पहिला सीझन 60 चॅप्टर, 28 भाग, भागाला सुमारे 39 पानं. मुळीच संथ नाही, ठीक मधोमध आहे. संथ वाटतं ते गोष्टीत दशकं सरकतात म्हणून. मांगात दहा वर्षं दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत जातात. अ‍ॅनिमेने त्या पट्टीत ऋतू, चालणं, चहा ठेवणं असे निःशब्द कट भरले. आणि मारामारी मांगात अगदी थोडक्यात आटोपलेली असते. स्टार्क आणि लिनिए, फर्न आणि ल्युग्नर यांच्या लढती अ‍ॅनिमेत भरपूर वाढवल्या. म्हणजे वाढवलं तिथेच जिथे मांगाने जागा मोकळी सोडली होती.

हाशिरा ट्रेनिंग: टप्पा 9 चॅप्टरचा (शेवटचा भाग त्याच्या थोडा पुढे जातो), 8 भाग, त्यात पहिला आणि शेवटचा लांब. भागाला तीसहून कमी पानं. पण मांगातले ते 9 चॅप्टर मुळातच पुढच्या मोठ्या लढाईआधीचा पूल आहेत, त्यात मोकळी जागा फार नाही. तिथे वाढवलं तर प्रशिक्षणाच्या कसरतीच वाढणार. पहिल्या सीझनमध्ये हीच मंडळी भागाला 39-40 पानं घेत होती.

---

कट_307

आणखी एक मोजमाप, चित्रपटांचं, कारण तिथे गाणी-सारांश काही नसतं. डीमन स्लेयरचा मुगेन ट्रेन: 54 ते 66, 13 चॅप्टर, 117 मिनिटं. 21 मिनिटांना 44 पानं. बरोब्बर. हायक्यूचा 2024 चा चित्रपट 85 मिनिटांचा, तीसेक चॅप्टरचा सामना. 21 मिनिटांना 140 च्या आसपास पानं, म्हणजे तिप्पट. पूर्वकथा निघाल्या, बाजूच्या पात्रांचे विचार निघाले. पण शेवटची रॅली पूर्ण केन्मा या खेळाडूच्या डोळ्यांतून दाखवली, त्याच्या श्वासासकट. मांगात असं करता येत नाही. कापलेल्याची भरपाई एका ठिकाणी, पण रोख केली.

स्लॅम डंकचा 2022 चा चित्रपट यापेक्षा पुढे जातो, कारण लेखक-दिग्दर्शक स्वतः मांगाकार इनोउए. सान्नोहविरुद्धचा सामना मांगात शेवटच्या सहा-सात खंडांत, टीव्ही मालिकेत तो कधी आलाच नव्हता. 124 मिनिटांत बसवताना त्यांनी केंद्र मांगाचा नायक साकुरागीवरून त्याच्या संघातल्या मियागीवर नेलं. मांगा वाचलेल्यांना साकुरागीचे विनोद हुकल्याची हळहळ वाटते, पण सामन्याचा वेग खऱ्या बास्केटबॉलचा झाला: धावत कोर्ट ओलांडायला जेवढे सेकंद लागतात तेवढेच लागतात. आणि शेवटचे क्षण मांगात पानंच्या पानं एकाही शब्दाविना आहेत, चित्रपटात तिथे आवाजच बंद केला.

---

उलटी_पाने

अवांतर, पण विसरू नये: चार चौकटींचा मांगा. तिथे पानांचा हिशेब चालत नाही. उभ्या पट्टीत चार चौकटी, चौथीत विनोद, पानावर दोन पट्ट्या. सरळ उतरवलं तर दर 15-20 सेकंदांनी विनोद आणि मग पोकळी. अझुमांगा दायओहने (2002) पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून हे सोडवलं. बोच्ची द रॉकने (2022) पट्ट्या विरघळवून प्रसंग केले: साधारण दोन खंड, 12 भाग. मांगात चार-सहा चौकटींत आटोपलेले बँडचे कार्यक्रम अ‍ॅनिमेत पूर्ण गाण्याइतके आहेत. छापील पानावर गाणं ऐकू येत नाही, तेव्हा तिथे वेळ द्यायलाच हवा होता.

---

चहाबाज

शेवटचं. स्वतः मोजायचं तर कसं? आणि मोबाइलवर वाचताना तुम्ही म्हणता तो पान उलटण्याचा परिणाम कुठे मिळतो?

---

उलटी_पाने

मोबाइल आडवा धरा आणि अ‍ॅपमध्ये दोन पानांचं दृश्य, उजवीकडून डावीकडे, असं ठेवा. एकेरी पानात पसरलेली चित्रं मधोमध कापली जातात. दोन पानं चुकीच्या जोडीने लागत असतील, म्हणजे एका चित्राचा अर्धा भाग आधी आणि अर्धा नंतर, तर पहिलं पान एकटं धरलेलं नाही. ते सरकवण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे का बघा. खाली सरकवत वाचायची पद्धत वेबटूनसाठी (मोबाइलसाठीच काढलेल्या उभ्या चित्रकथा) ठीक, मांगासाठी नको, आमिष आणि धक्का एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. मांगा प्लस या अ‍ॅपवर बऱ्याच मालिकांचे पहिले आणि ताजे तीन-तीन चॅप्टर फुकट असतात, सरावाला तेवढे पुरतात.

---

शाईची_दौत

मोजायला: एक भाग निवडा, शक्यतो पहिला सोडून (पहिल्या भागाला जास्त पैसा आणि मोकळीक असते). गाणी, सारांश, झलक वजा करून खरी मिनिटं काढा. मांगा शेजारी उघडा आणि प्रत्येक पानाची शेवटची चौकट पडद्यावर कधी येते ती वेळ लिहा. सरासरी 25-28 सेकंद यायला हवी. मग जिथे एका पानाला मिनिटाहून जास्त लागलं ती पानं वेगळी काढा. तिथे नवीन काही घातलंय की तेच ताणलंय, एवढं बघायचं. आणि दहा सेकंदांत गेलेली पानं: त्यातलं कोणतं वाक्य हरवलं, आणि ते पुढे कधी लागणार होतं का.

मुगेन ट्रेनवर करून पाहा, कारण तो दोन रूपांत आहे. 2021 च्या टीव्ही आवृत्तीत सात भाग: पहिला पूर्ण नवा, बाकी सहा चित्रपट कापून केलेले. जिथे जिथे तोडलंय तिथे आमिष मांगातलंच वापरलंय का, की नवीन शोधावं लागलं, ते चॅप्टरच्या शेवटच्या पानाशी ताडून लगेच कळतं. कुणी यादी केली तर इथेच टाका.